विसरण्याच्या आजाराचा जमाखर्च : डिमेन्शियाच्या संशोधकांना कोणी पोसलं?

वैद्यकाच्या इतिहासाबद्दल बोलायला लागलं की आपण बहुधा शोधांबद्दल बोलतो. कोणी काय शोधलं, कोणत्या साली शोधलं, त्याचं नाव कशाला दिलं गेलं. आज आम्ही त्याच इतिहासाची दुसरी वही उघडणार आहोत, जमाखर्चाची. शोध लावणारा माणूस त्या दिवसांत जेवत कशावर होता? त्याच्या हाताखालच्या पोराला पगार कोण देत होतं? तो पगार थांबला तेव्हा कामाचं काय झालं? हे प्रश्न थोडे रुक्ष वाटतील, पण आजचा विषयच असा आहे की या प्रश्नांशिवाय तो कळत नाही.

विषय आहे डिमेन्शिया. मराठीत आपण त्याला स्मृतिभ्रंश म्हणतो. शब्द तितकासा पुरेसा नाही, कारण यात स्मृतीबरोबर भाषा, दिशा, निर्णय, स्वभाव असं बरंच काही जातं. डिमेन्शिया हा लक्षणांचा समूह आहे आणि अल्झायमरचा आजार हे त्याचं सर्वांत मोठं कारण. आपल्याकडे या सगळ्यासाठी एक म्हण तयारच होती, 'साठी बुद्धी नाठी'. म्हण मोठी सोयीची आहे. एकदा ती उच्चारली की पुढे काही विचारायची गरज उरत नाही. म्हातारपण आहे, होतं असं. युरोपात आणि अमेरिकेतही भाषा वेगळी असली तरी समजूत हीच होती.

आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: म्हातारपण आणि आजार यांच्यातला फरक आपोआप दिसत नाही. तो बघायला वर्षानुवर्षं एकाच जागी बसणारी माणसं लागतात, आणि त्या माणसांना घर चालवायचं असतं.

बिनपगारी अल्झायमर

सुरुवात जर्मनीपासून करू. अलोइस अल्झायमर १८८८ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाला. दिवसा रुग्ण बघायचे आणि रात्री सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप, असा त्याचा क्रम. पुढच्याच वर्षी तिथे फ्रान्झ निस्ल आला. मेंदूतल्या पेशी रंगवून स्पष्ट दिसाव्यात यासाठीची नवी पद्धत त्याच्याकडे होती. या दोघांची जोडी जमली. अल्झायमरच्या कामाचा पाया या जोडीत आहे, हे लक्षात ठेवू.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्या रुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्यावर संशय, वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवणं, स्वतःचं नाव लिहितानाही अडखळणं अशी तिची लक्षणं होती. अल्झायमरने तिला प्रश्न विचारले, उत्तरं शब्दशः टिपून ठेवली. पुढे १९०३ मध्ये तो फ्रँकफुर्ट सोडून आधी हायडेलबर्ग आणि मग म्युनिकला एमिल क्रेपेलिनकडे गेला.

आता इथे वही उघडू. म्युनिकच्या नव्या मनोरुग्णालयात मेंदूची प्रयोगशाळा अल्झायमरने उभी केली खरी, पण सुरुवातीला त्याच्यासाठी पगारी जागाच नव्हती. तो विनावेतन काम करत होता. ते त्याला कसं परवडलं? त्याची बायको सेसिलिए ही एका श्रीमंत हिरे व्यापाऱ्याची विधवा होती. ती १९०१ मध्ये वारली आणि तिच्या मागे राहिलेल्या संपत्तीवर त्याचं घर चालत होतं. म्हणजे डिमेन्शियाच्या संशोधनाची पहिली फेलोशिप एका हिरेवाल्याच्या तिजोरीतून आली, असं म्हणायला हरकत नाही. पैसे नसते तर अल्झायमर कुठेतरी रुग्णालयाच्या प्रशासनात अडकला असता.

८ एप्रिल १९०६ रोजी आउगुस्टे फ्रँकफुर्टमध्ये वारली. तिथले प्रमुख एमिल सिओली यांनी तिची कागदपत्रं आणि मेंदू म्युनिकला पाठवला. कापांमध्ये पेशींच्या आत गुंतलेल्या तंतूंच्या गाठी आणि पेशींच्या बाहेर साचलेले गोळे दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत अल्झायमरने हे मांडलं. कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

त्या प्रयोगशाळेत आणखी कोण होतं ते बघा. इटलीहून गाएतानो पेरुसिनी आलेला. आउगुस्टेच्या केसचा सविस्तर अभ्यास १९०९ मध्ये त्याने प्रसिद्ध केला. आणि अमेरिकेतून सॉलोमन कार्टर फुलर. जन्म लायबेरियाचा, अमेरिकेतल्या गुलामांचा नातू. परत गेल्यावर अल्झायमरच्या आजारावर इंग्रजीत सविस्तर लिहिणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये तो होता. पण कृष्णवर्णीय असल्यामुळे बोस्टन विद्यापीठात तो कायम खालच्या पायरीवर राहिला. विभागप्रमुखाचं काम त्याने काही वर्षं केलं, पद मात्र मिळालं नाही. ते पद एका कनिष्ठ गोऱ्या सहकाऱ्याला मिळालं तेव्हा १९३३ मध्ये त्याने विद्यापीठ सोडलं. हिरे व्यापाऱ्याची संपत्ती पाठीशी असलेला एक, आणि रंगामुळे पद नाकारलेला दुसरा. दोघे एकाच खोलीत शिकलेले. संशोधकाची वाटचाल बुद्धीवरच ठरते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दोन चरित्रं शेजारी ठेवून वाचावीत.

क्रेपेलिनला हे कळत होतं. एकट्यादुकट्या श्रीमंत डॉक्टरवर शास्त्र चालत नाही, संस्था लागते. १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्याने म्युनिकमध्ये मनोविकारांची संशोधन संस्था उभी केली. मोठी देणगी जेम्स लोएब या अमेरिकेत जन्मलेल्या बँकर घराण्यातल्या माणसाची. युद्धानंतरच्या महागाईत जर्मन चलनच कोसळलं आणि संस्था अडचणीत आली. १९२८ ची नवी इमारत शेवटी रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून झाली. पुढे नाझी काळात हीच संस्था वंशशुद्धीच्या विचारामागे गेली. पैसा आला की शहाणपण येतंच असं नाही, हेही याच वहीत लिहिलेलं आहे.

मोजणारी माणसं

यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं या विषयावर फारसं काही घडलं नाही. कारण नाव देतानाच एक भिंत घातली गेली होती. अल्झायमरचा आजार म्हणजे पन्नाशीत होणारा दुर्मीळ आजार. सत्तरीतला विसराळूपणा म्हणजे म्हातारपण, किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याचा परिणाम. दुर्मीळ आजाराला पैसा मिळत नाही आणि म्हातारपणाला संशोधक मिळत नाही. डिमेन्शिया या दोन खुर्च्यांच्या मधोमध खाली पडला.

भिंत पाडली ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या न्यूकॅसल शहरातल्या तिघांनी. मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन रॉथ, त्यांच्याबरोबर काम करणारे गॅरी ब्लेस्ड आणि विकृतिशास्त्रज्ञ बर्नार्ड टॉमलिन्सन. त्यांची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. वृद्ध रुग्ण जिवंत असताना त्याला किती आठवतं, रोजचं काय काय जमतं, याला गुण द्यायचे. तो वारल्यावर मेंदूतले गोळे मोजायचे. मग दोन आकडे शेजारी ठेवायचे. १९६८ मध्ये त्यांनी दाखवलं की गोळे जितके जास्त तितका डिमेन्शिया जास्त. म्हणजे सत्तरीतला विसराळू माणूस आणि अल्झायमरची पन्नाशीतली रुग्ण यांच्या मेंदूत तेच घडत होतं.

साधी वाटणारी ही युक्ती पार पाडायला काय लागलं, ते बघा. रुग्ण तपासायचा आणि मग तो नैसर्गिकपणे जाईपर्यंत थांबायचं. या थांबण्याला वर्षं लागतात. ज्यांनी गुण दिले आणि ज्यांनी गोळे मोजले ते सगळे तोवर तिथेच असायला हवेत. सरकारी वैद्यकीय व्यवस्था, सरकारी संशोधन परिषदेचा पैसा आणि कायम नोकरीतली माणसं, हे सगळं त्या काळच्या ब्रिटनमध्ये एकत्र आलं म्हणून हे झालं. आणि आणखी एक गोष्ट. मानसोपचारवाला आणि विकृतिशास्त्रवाला एका टेबलावर बसले. आज ज्याला आपण सहकार्य, नेटवर्क वगैरे म्हणतो ते हेच.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कॅट्झमन यांनी एक छोटा संपादकीय लेख लिहिला. त्यांनी म्हटलं, हे दोन आजार वेगळे धरणं सोडा. एकच धरलात तर अल्झायमर हा अमेरिकेतल्या मृत्यूंच्या कारणांत चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकाचा आजार ठरतो. नवा प्रयोग काहीच नव्हता, व्याख्या बदलली आणि दुर्मीळ आजार एका रात्रीत महामारीएवढा झाला.

आजार निवडण्याचं राजकारण

कॅट्झमन यांचा लेख योग्य वेळी आला. अमेरिकेत १९७४ मध्ये वार्धक्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था कायद्याने स्थापन झाली होती. तिचे पहिले संचालक रॉबर्ट बटलर. त्यांच्यापुढची अडचण अशी: 'म्हातारपण म्हणजे नेमकं काय' या प्रश्नाला संसद पैसे देत नाही. संसद पैसे देते आजाराला. ज्याला नाव आहे, ज्याची भीती वाटते, ज्याच्यासाठी घरचे लोक पत्रं लिहितात अशा आजाराला. बटलर यांनी विचारपूर्वक अल्झायमरची निवड केली. त्यांनी हे कधी लपवलंही नाही.

मग दोन कामं एकदम झाली. एक म्हणजे, ठिकठिकाणी विखुरलेल्या कुटुंबीयांच्या गटांना एकत्र आणून १९८० मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत जेरोम स्टोन हे शिकागोचे उद्योजक पुढे होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. नटी रिटा हेवर्थला अल्झायमर असल्याचं त्याच सुमारास जाहीर झालं, तिची मुलगी यास्मिन आगा खान निधी जमवायला उतरली, आणि वर्तमानपत्रांतून आजाराचं नाव घराघरांत गेलं.

दुसरं काम कमी गाजलं, पण आमच्या मते ते जास्त महत्त्वाचं. या संस्थेत झावेन खाचातुरियन यांनी अल्झायमरच्या संशोधनाचा आराखडा बसवला. त्याचा कणा म्हणजे १९८४ पासून सुरू झालेली संशोधन केंद्रं. पहिल्या वर्षी पाच, नंतर वाढत वाढत तीसच्या पुढे. प्रत्येक केंद्रात काय होतं? रुग्णांची नियमित तपासणी, मेंदूदान, सांख्यिकी, आणि तरुण संशोधकांना छोट्या पहिल्या अनुदानांची सोय. पीएच.डी. संपलेल्या मुलीला आपली पहिली कल्पना करून बघायला थोडे पैसे, शेजारी अनुभवी माणूस, तळघरात मेंदूंचा साठा. हे तिन्ही एका छताखाली मिळाले की माणूस क्षेत्रात टिकतो. अमेरिकेत आज या विषयातली जी ज्येष्ठ मंडळी दिसतात त्यांतले कितीतरी याच केंद्रांतून वर आले.

२०११ मध्ये अमेरिकेत यासाठी वेगळा राष्ट्रीय कायदा झाला तेव्हा सरकारी संशोधन निधी वर्षाला सुमारे ४५ कोटी डॉलर होता. २०२३ पर्यंत, संबंधित इतर डिमेन्शिया धरून, तो ३५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. अवघ्या बारा वर्षांत.

सहकार्याची सर्वांत धाडसी कल्पनाही इथलीच. २००४ मध्ये मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या पन्नासहून अधिक ठिकाणी एक प्रकल्प सुरू झाला. सुमारे ८०० माणसांचे मेंदूचे स्कॅन, रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी, स्मृतीच्या चाचण्या, सगळं एकाच पद्धतीने. सरकार आणि औषध कंपन्या, दोघांनी पैसे घातले. आणि नियम असा की माहिती जमा झाली की ती जगातल्या कुठल्याही पात्र संशोधकाला खुली. ज्यांनी ती गोळा केली त्यांनाही आधी शोधनिबंध लिहायची सवलत नाही! ज्यांना संशोधनाच्या जगातली स्पर्धा माहीत आहे त्यांना हे किती अवघड आहे ते कळेल. पण त्यामुळेच स्वतःचं स्कॅनचं यंत्र नसलेल्या देशातला विद्यार्थीही या विषयात काम करू शकला.

या बाजूला खर्चाचाही रकाना आहे. पैसा एकदा एका कल्पनेमागे गेला की तिथेच जात राहतो. अमायलॉइड या प्रथिनाचे गोळे हेच आजाराचं मूळ, ही कल्पना अनेक वर्षं इतकी प्रबळ होती की दुसरा मार्ग धरणाऱ्यांना अनुदान आणि नोकरी मिळणं कठीण गेलं, असं अनेक संशोधकांनी उघडपणे म्हटलं आहे. याच कल्पनेच्या बाजूने उद्धृत होणारा 'नेचर' मधला २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. अमायलॉइडची कल्पना त्यामुळे खोटी ठरत नाही. अमायलॉइड कमी करणारी औषधं आता आली आहेत आणि ती आजाराचा वेग थोडा मंदावतात. पण सगळी तरुण माणसं एकाच वाटेवर पाठवली की बाकीच्या वाटा कोणी चालूनच बघत नाही.

कोचीची बैठक

इथवर आपण श्रीमंत देशांत फिरलो. आता घरी येऊ.

१९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात भारत आणि अमेरिका यांचा एक संयुक्त अभ्यास झाला. पैसे अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेचे. पाच हजारांवर लोकांची तपासणी, आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश निरक्षर. जगभर वापरली जाणारी स्मृतीची चाचणी कागद वाचायला सांगते, वाक्य लिहायला सांगते. निरक्षर आजी त्यात नापासच होणार. मग डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी चाचणीच नव्याने रचली. 'डोळे मिटा' असं लिहिलेला कागद दाखवण्याऐवजी तपासणाऱ्याने म्हणायचं, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. जीभ वळवणाऱ्या इंग्रजी वाक्याच्या जागी 'हे नाही, ते नाही' अशा अर्थाचे साधे हिंदी शब्द. हे काम भाषांतराचं वाटतं, पण यात गावातलं आयुष्य माहीत असणारी, तिथे महिनोन्महिने राहणारी, प्रशिक्षित माणसं लागली. या अभ्यासात डिमेन्शियाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा खूपच कमी आलं. मुंबईतही एक मोठी पाहणी झाली. २००१ मध्ये तिचे निष्कर्ष आले: ६५ वर्षांपुढच्यांत २.४४ टक्के.

मग प्रश्न आला. भारतात आजार खरंच कमी आहे, की आपल्याला तो दिसत नाही?

१९९८ मध्ये कोचीत जागतिक अल्झायमर संघटनेची परिषद भरली होती. केरळात डॉ. जेकब रॉय यांनी १९९२ मध्येच भारतीय संघटना स्थापन केली होती, म्हणून परिषद तिथे. तिथे जमलेल्या संशोधकांनी एक गट बांधला आणि त्याला नाव दिलं '१०/६६'. अर्थ असा: डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि लोकसंख्येवर आधारित संशोधनातला १० टक्क्यांहून कमी वाटा त्यांच्या वाट्याला. नावातच तक्रार आणि नावातच आराखडा. लंडनचे मार्टिन प्रिन्स समन्वयक होते.

हा गट चालला कसा, ते आजच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकं आहे. सुरुवातीला मोठा निधी नव्हताच. लॅटिन अमेरिका, भारत, चीन, आफ्रिका इथल्या डॉक्टरांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळत, फावल्या वेळात, तुटपुंज्या पैशांवर एकाच प्रश्नावलीने माणसं तपासली. २५ केंद्रांतून २,८८५ माणसं. हे काम २००३ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये आलं. आपण हे करू शकतो एवढं सिद्ध झाल्यावरच वेलकम ट्रस्ट आणि इतरांचा पैसा आला आणि सात देशांतल्या अकरा ठिकाणी, सुमारे १५,००० वृद्धांची घरोघरी पाहणी झाली. भारतातली ठिकाणं चेन्नई आणि वेल्लोरजवळची खेडी.

२००८ मध्ये आलेल्या निकालाकडे नीट बघा. अमेरिकी निदानाच्या प्रचलित कसोटीने ग्रामीण भारतात डिमेन्शियाचं प्रमाण होतं ०.३ टक्के आणि क्युबात ६.३ टक्के. गटाने स्वतः तयार केलेल्या कसोटीने मात्र सगळ्या ठिकाणी मिळून प्रमाण ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आलं. प्रचलित कसोटीत एक अट आहे, रोजच्या जगण्यात घट झाल्याचं घरच्यांनी सांगायला हवं. आपल्या खेड्यात सून म्हणते, 'त्यांना काही करावंच लागत नाही, आम्ही सगळं हातात देतो.' म्हणजे घट नाही! ज्यांना जुन्या कसोटीने निरोगी ठरवलं त्यांच्यात अपंगत्वाचं प्रमाण मोठं होतं, हे याच अभ्यासाने दाखवलं. ती माणसं आजारी होती. फक्त त्यांना मोजेल अशी कसोटी तयार करणारं कोणी तिथे आधी गेलेलं नव्हतं.

गोव्यातले ८१ संसार

याच गटाचा एक धागा गोव्यात आहे. 'संगात' ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. तिच्या संस्थापकांपैकी विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये गोव्यातल्या म्हातारपणावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना लक्षणं अचूक ओळखता येत होती. पण त्याला आजार कोणी म्हणत नव्हतं. मुलं लक्ष देत नाहीत, माया आटली, म्हणून असं होतं, हे स्पष्टीकरण. विचार करा, याचा भार कोणावर पडतो. सासूला काही आठवेनासं झालं की दोष सुनेच्या माथी.

त्यातून पुढचं काम उभं राहिलं. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक चाचणी केली. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना लगेच मदत, बाकीच्यांना सहा महिन्यांनी. मदत करणाऱ्या व्यक्ती डॉक्टर नव्हत्या. स्थानिक भाषा येणारे, आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते घरी जायचे, आजार समजावून सांगायचे, चिडचिड कशी हाताळायची, आपण स्वतः कशी विश्रांती घ्यायची ते बोलायचे. मागे तज्ज्ञांचा आधार. सहा महिन्यांनी काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. २००८ मध्ये हे छापून आलं. कमी साधनांच्या देशांत डिमेन्शियाच्या कुटुंबांसाठी काय करता येईल याचं हे जगातलं एक सुरुवातीचं, नीट तपासलेलं उदाहरण आहे, आणि ते पणजी-म्हापशाच्या आसपास घडलं. मोठी यंत्रं लागली नाहीत. पण काही वर्षं त्याच गावांत, त्याच विषयावर काम करू शकतील अशा संशोधकांचा पगार लागला.

दहा वर्षांचा आजार, तीन वर्षांचं अनुदान

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या इतिहासात एक हिशेब कुठेच जुळत नाही. मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. निदानानंतर माणूस कित्येकदा आठ-दहा वर्षं जगतो. आणि संशोधन प्रकल्पाचं अनुदान बहुधा तीन वर्षांचं, फार तर पाच. प्रकल्पावर नेमलेला मुलगा कामात तयार होतो न होतो तोच त्याची मुदत संपते. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचा विश्वास कमावलेली समाजसेविका दुसऱ्या प्रकल्पाकडे, बहुधा दुसऱ्याच आजाराकडे, जाते. पुढच्या अनुदानात ती ओळख पहिल्यापासून.

हे ओळखून जगात काही प्रयत्न झाले. ब्रिटनमध्ये अल्झायमर सोसायटीने अनेक विद्यार्थी एकाच वेळी शिकतील अशी डॉक्टरेट प्रशिक्षण केंद्रं काढली, परिचारिका आणि थेरपिस्ट यांनाही संशोधनात येता यावं म्हणून योजना आखल्या. कारण रुग्णाला सर्वांत जास्त वेळ बघणारी तीच माणसं. २०१५ मध्ये ड्यूटी फ्री दुकानांतून श्रीमंत झालेले चक फीनी यांच्या संस्थेने १७.७ कोटी डॉलर देऊन सॅन फ्रान्सिस्को आणि डब्लिन इथे मेंदूच्या आरोग्याची एक संस्था सुरू केली. तिथे पैसा प्रकल्पाला नाही, माणसाला मिळतो. वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ, कलावंतसुद्धा तिथे एकत्र शिकतात आणि आपल्या देशात परततात.

आपल्याकडे २००८ च्या सुमारास केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी मिळून पाच पाच वर्षांच्या फेलोशिप सुरू केल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत क्रिस गोपालकृष्णन यांच्या ट्रस्टच्या २२५ कोटी रुपयांच्या देणगीतून मेंदू संशोधन केंद्र उभं राहिलं. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागात हे केंद्र ४५ वर्षांपुढच्या हजारो गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतं. म्हणजे क्रेपेलिनच्या संस्थेसारखंच: सरकार पुरेसं पडत नाही तिथे एखादा धनिक पुढे येतो. चांगलंच आहे. पण अशा संस्था बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

आणि परदेशी पैशावर विसंबलं तर काय होतं, तेही बघितलं पाहिजे. २०१८ पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या नेतृत्वाखाली भारतासह सात देशांत डिमेन्शियाच्या धोरणावर एक प्रकल्प चालला. तरुण संशोधक घडवणं हा त्याच्या उद्देशांचाच भाग होता. पैसा ब्रिटनच्या परदेशी मदतीतून येणाऱ्या संशोधन निधीचा. मार्च २०२१ मध्ये ब्रिटन सरकारने ती मदत कापली. त्या निधीवरच्या प्रकल्पांना कळवण्यात आलं की आधी शब्द दिलेली रक्कम आणि हातातली रक्कम यांत १२ कोटी पौंडांचा खड्डा आहे. एका देशाच्या अंदाजपत्रकातली ओळ बदलते आणि दुसऱ्या देशातल्या तरुण संशोधकाची नोकरी टांगणीला लागते.

शेवटचा आकडा. आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने भारतातल्या वृद्धांची मोठी पाहणी केली. तिच्या जोडीने एम्स आणि अमेरिकेतलं एक विद्यापीठ यांनी डिमेन्शियाचा खास अभ्यास केला. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. मुंबईच्या २.४४ शी याची थेट तुलना करू नका. वयोगट वेगळे, पद्धत वेगळी. पण एवढं मात्र खरं की बघायला माणसं आणि साधनं मिळत गेली तशी आकड्यातली माणसं वाढत गेली. आणि या अभ्यासाचाही मोठा खर्च अमेरिकेच्या त्याच वार्धक्य संस्थेने उचलला, जिची कथा मघाशी सांगितली. भारतातले ८८ लाख रुग्ण मोजायचे पैसे वॉशिंग्टनजवळच्या एका कार्यालयातून येतात. यात कृतज्ञतेचीही गोष्ट आहे आणि काळजीचीही.

अल्झायमरकडे हिरेवाल्याची संपत्ती होती. न्यूकॅसलकडे कायम नोकऱ्या होत्या. अमेरिकेकडे केंद्रं होती. कोचीच्या गटाकडे सुरुवातीला फक्त जिद्द होती, आणि जिद्दीवर पाच-सहा वर्षं निघतात, पंचवीस निघत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'अल्झायमरवर नवं औषध' अशी बातमी आली तर ती जरूर वाचा. पण त्याबरोबर हेही विचारा की आपल्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात या विषयावर काम करणारं कोणी आहे का, आणि पुढच्या मार्चनंतर ते तिथे असेल का. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मोडायची तर तिच्या विरोधात भाषणं पुरत नाहीत, त्या माणसाची जागा भरावी लागते.